तात्यासाहेबांचा पासवर्ड

इचलकरंजीचे साडी कारखानदार तात्यासाहेब मगदूम यांची नवी नक्षी त्यांच्या मागावर चढायच्या आतच दुसऱ्याच्या साडीवर झळकली. एकदा नव्हे, तीनदा!

सगळ्या नक्ष्या कारखान्याच्या सर्व्हरवर ठेवलेल्या. म्हणजे बाहेरचं कुणीतरी त्यात शिरत होतं. तात्यासाहेबांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या अभिनंदन उपाध्येला सगळ्यांसमोर उभं केलं.

"साहेब, मी तपासलं," अभिनंदन म्हणाला. "चोर तुमच्याच नावानं आत येतोय. तुमचा पासवर्ड बदलू या. शिवाय मोबाइलवर आलेला आकडा टाकल्याशिवाय उघडणार नाही, असं दुसरं कुलूपही लावू."

"माझा पासवर्ड?" तात्यासाहेब कडाडले. "बायकोलासुद्धा सांगितला नाही मी! कुठं लिहूनही ठेवला नाही! खोट तुझ्या यंत्रात आहे. उद्या बारापर्यंत माझा पासवर्ड ओळखून दाखव, नाहीतर घरी बस!"

दुसऱ्या दिवशी बारा वाजायला आले. अभिनंदन मान खाली घालून उभा. तेवढ्यात साड्यांच्या घड्या घालणारी मालन पुढं आली. तिच्या लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज याच अभिनंदननं तीन-तीनदा बसून भरून दिला होता.

"मालक, मी वळखला तर चालंल?"

"तू? कॉम्प्युटरला कधी हात लावलायस?"

"न्हाई. पर वळखायचंय तुमाला, कॉम्प्युटरला कुठं?"

बायका फिसकन हसल्या. तात्यासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "बरं! तीनदा सांगून बघ. पण तिन्ही वेळा चुकलीस तर त्याच्याबरोबर तूही घरी!"

मालन मागं सरली नाही.

"मालकीणबाईंचं नाव!"

"चूक!"

"मग गाडीचा लंबर."

"चूक! दहा जन्म घेतलेस तरी जमायचं नाही!" तात्यासाहेब खुर्चीत ऐसपैस रेलले.

"हां, मग आता कळलं," मालन म्हणाली. "कुरुंदवाडच्या मैदानात तुमाला ज्यानं चीत केलं, त्या पैलवानाचं नाव असनार!"

तात्यासाहेब ताडकन उठले. "मला चीत केलं? कोण म्हणतं?"

"समदेच म्हनत्यात. चार मिंटांत तुमची पाठ लागली म्हनं."

"साफ खोटं! पाठ त्याची लागली! अशी ढाक मारली, की आभाळ दिसलं त्याला! अगं, मी हरलो असतो तर रोज सकाळी 'बापू लवटे चीत १९८४' असं टाइप करून सर्व्हर उघडला असता का?"

अभिनंदनची मान झटकन वर आली.

"अभिनंदनदादा," मालन हळूच म्हणाली, "टाका की."

अभिनंदननं टाकलं. सर्व्हर उघडला!

"पण... पण हे तर मीच सांगितलं!" तात्यासाहेबांचा आवाज एकदम खाली आला.

"व्हय मालक. चोरानं तरी आनि कुनाला इचारलं असंल?"

तात्यासाहेब मटकन खाली बसले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, मागं एका लग्नात भेटलेला तो साड्यांचा व्यापारी! जेवताना शेजारी बसला, आणि हेच म्हणाला... 'तात्यासाहेब, तुम्ही ती कुस्ती हरलात असं ऐकलं'! आणि मी त्याला सगळं... अगदी हेच..."

आणि ते हसू लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, टोपी घसरली, तरी थांबेनात! मालक हसतोय म्हटल्यावर सगळं खातं हसायला लागलं.

"अभिनंदन, तुझी नोकरी पक्की! ते दुसरं कुलूप आत्ताच्या आत्ता लाव. आणि मालन, आजपासून घडी खात्याची मुकादम तू. नव्या नक्षीची पहिली साडीही तुझीच!"

डोळे पुसत त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. "आता बघा, असा झकास पासवर्ड ठेवतो! आमच्या पहिल्या बैलाचं नाव, आणि त्याच्यापुढं..."

"मालक, नका सांगू!" सगळे एका सुरात ओरडले.