तुंबलेलं बेसिन आणि मुलींच्या वेण्या

कराडच्या एका मुलींच्या वसतिगृहात बाथरूमच्या बेसिनमधलं पाणी काही केल्या लवकर जात नसे. संस्थेचे चिटणीस भास्करराव घारपुरे यांनी फर्मान काढलं, "तुमच्या केसांनीच पाइप तुंबतो. उद्यापर्यंत सगळ्यांनी वेण्या कापायच्या, नाहीतर वसतिगृह सोडायचं." मुली रडकुंडीला आल्या.

साफसफाई करणाऱ्या यमुनामावशींना ते पाहवेना. त्या तडक ऑफिसात गेल्या.

"साहेब, मी पाइप उघडून पाहिलाय. आत एक केस नाही. बीम आडवी आली म्हणून पाइपच मध्ये वर चढवलाय. पाणी जाईल कसं?"

"यमुनाबाई, ते काम मी स्वतः उभं राहून करून घेतलंय," भास्करराव गरजले. "पाणी केसांनीच अडतं!"

"असेल बाई," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पण तुमच्या ऑफिसातलं बेसिनही तसंच तुंबतं. रोज मीच उपसते. ते तर तुमच्याशिवाय कुणी वापरत नाही. मग तिथे कुणाची वेणी अडकली, साहेब?"

भास्कररावांचा हात नकळत आपल्या तुळतुळीत टकलावरून फिरला. दाराबाहेर जमलेल्या मुली फिस्सकन हसल्या, आणि थोड्या वेळाने ते स्वतःही हसले.

दुसऱ्याच दिवशी प्लंबर आला आणि दोन्ही पाइपांना नीट उतार देऊन गेला. मुलींच्या वेण्यांना मात्र कुणी हात लावला नाही.