हात लाव

घाटातून गाडीरस्ता नव्हता, खिंडीत वाघ पाणी प्यायला यायचा, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या आजोबांच्या आजोबांनीही ती ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती.

खाली खाडीकाठी मिठागरं होती. वर घाटमाथ्यावर जोंधळा पिकायचा, पण मीठ नव्हतं. ज्यांच्याकडे बैल होते त्यांचं मीठ बैलांच्या पाठीवरून वर जायचं. ज्यांच्याकडे नव्हते त्या बाया डोक्यावर गोणी घेऊन माडवणच्या खिंडीतून घाट चढायच्या, बाजारात मीठ देऊन जोंधळा घ्यायच्या आणि उतरायच्या. त्या बायांमध्ये एक होती आवडी.

आवडीचा नवरा भिवा माडावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. सासूला दिसत नव्हतं. पदरात दोन लेकी, धाकटी सदा तापलेली. आवडी पहाटे उठायची ती काळजी घेऊनच उठायची. आज चूल पेटेल का, भिवाच्या पाठीला जखम झाली तर काय, लेकीचा ताप का उतरत नाही, पावसाआधी घर कोण शाकारणार. मिठाची गोणी बाजारात उतरायची, पण हे सगळं डोक्यावरून कधी उतरायचं नाही, असं म्हणतात.

गावात भैरीचं देऊळ होतं. आवडी तिथं हात जोडून उभी राहायची आणि देवाला एकेक सांगायला लागायची. सांगता सांगता पुढचं आठवायचं, आणि ती आली त्याहून जड होऊन परत जायची. एकदा तिनं देवळाच्या म्हाताऱ्या गुरवाला विचारलं, “काका, देव ऐकतो का हो?”

गुरव फुलं निवडत होता. तो म्हणाला, “खरं सांगू, बाय? इतकी वर्षं पूजा करतो. कधी वाटतं समोर कोणीतरी आहे. कधी वाटतं नुसता दगड.”

“मग मी काय करू?”

“तू त्याला सगळं समजावून सांगायला जातेस. त्याला ठाऊक नाही का तुझं घर? नुसती हाक मारून बघ.”

आवडीला ते पटलं नाही. एवढ्या दुखण्याला एक हाक कशी पुरेल?

पुढं चैत्र आला. त्या दिवशी धाकटीला इतका ताप होता की आवडीचा पाय घरातून निघेना. पण डब्यात दाणा नव्हता. ती निघाली तेव्हा बाकीच्या बाया कधीच पुढं गेल्या होत्या. ऊन डोक्यावर आलं. अर्ध्या घाटात, जिथं वाट कड्याला चिकटून वर जाते, तिथं तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. गोणीसकट दरीत जाऊ नये म्हणून तिनं गोणी एका सपाट दगडावर टाकली.

ओझं वाहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, एकट्यानं भार खाली टाकता येतो, एकट्यानं डोक्यावर घेता येत नाही. समोरून कोणीतरी हात लावावा लागतो. आणि घाटात चिटपाखरू नव्हतं.

तेवढ्यात कड्यामागून काळा ढग वर आला. वळीव येणार होता. मीठ भिजलं की संपलं. आवडीनं गोणी गुडघ्यावर घेतली, पण ती छातीपर्यंतही जाईना. पुन्हा प्रयत्न केला, बोटं सोलवटली. मग ती गोणीला कवटाळून मोठ्यानं रडली. दरीनं तिचं रडणं परत पाठवलं.

रडून रडून तिच्या मनातलं सगळंच गळून गेलं. घर आठवेना, ताप आठवेना. कापडाची चुंबळ डोक्यावर ठेवून ती उभी राहिली, गोणीच्या एका बाजूला हात घातले आणि वाटेवरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, “देवा, जरा हात लाव.”

आणि गोणी वर आली.

समोर कोणी नव्हतं. पण पलीकडच्या बाजूनं गोणी कोणीतरी धरली होती, नीट, सवयीच्या हातांनी. तिच्या डोक्यावर ती सावकाश टेकली, आणि ते हात लगेच सुटले नाहीत. ओझं सावरलं का बघण्यासाठी माणूस थांबतो ना, तसे ते थांबले. साऱ्या घाटात वारा थांबला, असं म्हणतात.

मग पाऊस कोसळला. माथ्यावर पोचलेल्या बाया चिंब भिजल्या, त्यांचं मीठ पाणी होऊन पाठीवरून ओघळलं. त्यांनी खाली पाहिलं तर पावसाच्या धारांमधून आवडी येत होती. तिच्या पुढं पाऊस, मागं पाऊस, आणि गोणी कोरडी. त्या दिवशी बाजारात बायांचं तेवढंच मीठ होतं. उतरताना तिनं मिळालेला जोंधळा त्याच सपाट दगडावर पसरला आणि सगळ्यांना वाटून घ्यायला सांगितलं.

बायांनी विचारलं, “देव दिसला गे तुला?”

“दिसला नाही,” आवडी म्हणाली. “पलीकडून भार हलका झाला.”

धाकटीचा ताप उतरला. भिवा मात्र शेवटपर्यंत उठला नाही. घर गळायचं ते गळतच राहिलं. पण आवडी आता पहाटे उठली की आधी गप्प बसायची, मग एवढंच म्हणायची, “हात लाव.” आणि कामाला लागायची. भिवा म्हणायचा, ती बसली की झोपडीत आणखी कोणीतरी आल्यासारखं वाटतं, मला सरकून जागा करावीशी वाटते.

त्याच गावात रखमी होती. तिचं मूल गेलं होतं आणि देवाचं नाव काढलं की ती चवताळायची. एक दिवस मुद्दाम मागं राहून तिनं त्याच दगडावर गोणी टाकली आणि ओरडली, “ये! माझ्याकडं ये!” कोणी आलं नाही. ऊन कलायला लागलं. तेव्हा वरून आवडी धापा टाकत उतरत आली.

रखमी म्हणाली, “बघ, देव नाही आला. तू आलीस.”

“मी माथ्यावर पोचले होते गे,” आवडी म्हणाली. “पाय पुढं पडेचना. कोणीतरी खांद्याला धरून फिरवलं मला.”

दोघींनी गोणीला दोन्हीकडून हात घातले. गोणी वर गेली. आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, कारण दोघींपैकी कुणीच अजून जोर लावला नव्हता. मूल गेल्यापासून रखमी पहिल्यांदा रडली, तिथंच.

आवडी पुष्कळ म्हातारी होऊन गेली. तिला खांदा देणारे सांगायचे, तिरडीला वजनच नव्हतं.

आता घाटात डांबरी रस्ता आहे, मीठ ट्रकनं जातं. पण तो दगड आहे. लोक त्याला आवडीचा टप्पा म्हणतात. तिथं मूर्ती नाही, घंटा नाही. चैत्रात लोक तिथं जमतात, खालून मीठ येतं, वरून जोंधळा येतो. प्रत्येकजण आपलं ओझं दगडावर ठेवतो, गप्प उभा राहतो, आणि दुसऱ्या कोणी हात लावल्याशिवाय ते उचलत नाही. सरपंच असो की सासुरवाशीण, थांबावं लागतं.

एरवीही गाड्या तिथं थांबतात. माणसं उतरतात, दगडापाशी जातात. हातात काही नसलं तरी दोन्ही हात पुढं करून उभी राहतात. त्या हातांना काय लागतं ते कुणी कुणाला विचारत नाही. पण परत गाडीत बसताना ती थोडी सरकून बसतात, असं म्हणतात.