बिनमिठाची आमटी

“अजून किती उंबरे झिजवायचे, बाबा?”

मठाच्या पायरीवर बसून पद्माकर निलंगे यांनी हिरागीर बाबांना हे विचारलं. पायांत बूट तसेच होते. एरवी ते बूट काढल्याशिवाय पायरीला पाय लावत नाहीत. त्या दिवशी वाकायचंही त्राण नसावं.

मी मठात स्वयंपाक करतो. चूल पडवीतच आहे, त्यामुळे बाबांकडे येणाऱ्यांचं बोलणं माझ्या कानावर पडतंच. मी कधी मधे बोलत नाही. मनातल्या मनात मात्र बोलतो.

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. निलंग्यांनी तो नुसता हातात धरला.

“कालही एका मालकांच्या ऑफिसात बसून आलो. चहा दिला, बिस्किटं दिली. म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू.”

“मग?”

“मग काय... पुढच्या आठवड्यात परत जायचं.”

उन्हाळ्यात टँकरच्या मागे पळायचं आणि पावसाळ्यात घरातलं पाणी उपसायचं, असं आमचं शहर आहे. निलंगे इंजिनियर. नोकरी सोडून त्यांनी एक संस्था काढली. रस्त्याकडेला झाडं लावायची आणि टेकडीवरून फुकट वाहून जाणारं पावसाचं पाणी मठासमोरच्या जुन्या तळ्यात वळवायचं, हे संस्थेचं काम. तळं मठाच्या मालकीचं. बाबांनी ते आनंदाने वापरायला दिलं. पैसा मात्र मठाकडे नाही, पालिकेकडे असला तरी तो दिसत नाही. म्हणून निलंगे कारखानदारांच्या दारी जातात. गेली कित्येक वर्षं जातात.

“तू मागतोस काय त्यांच्याकडे?” बाबांनी विचारलं.

निलंग्यांना हा प्रश्न पाठ होता. ते ताठ बसले. हरित शहर, शुद्ध हवा, फुलझाडांची रांग, तळ्याकाठी बाग, बागेत रंगीत कारंजं. बोलता बोलता थोडी जुनी ऐट परत आली. माणूस हुशार आहे आणि ते त्याला ठाऊकही आहे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“हे मागतोस. आणि हवं काय आहे?”

“म्हणजे?”

“हवं काय?”

निलंगे तांब्यातलं पाणी प्यायले.

“कमान काढायला हवी,” ते हळू आवाजात म्हणाले.

ही कमान सगळ्या शहराला माहीत आहे. गेल्या वर्षी एका कारखान्याच्या मालकांनी तळ्याकाठी बाग करून दिली आणि बागेला कमान बांधून दिली. वर वडिलांचं नाव, सोनेरी अक्षरांत. कमानीचा चौथरा नेमका तिथे आला, जिथून टेकडीचं पाणी तळ्यात उतरतं. निलंग्यांना ते दिसत होतं. पण मालकांचं मन मोडलं तर बागही जाईल, म्हणून ते बोलले नाहीत. पावसाळ्यात पाणी आलं, चौथऱ्यावर आपटलं आणि खालच्या अंगाला वळलं. खाली पाथरवटांची वस्ती आहे. तिथे घराघरांत कमरेएवढं पाणी भरलं. तळं तसंच कोरडं राहिलं. कमानीचं तेवढं कौतुक झालं.

“आणखी?” बाबा म्हणाले.

“तळ्याच्या तोंडाशी गाळ अडवायला खड्डा हवा, नाहीतर तळं चार पावसाळ्यांत बुजेल. तो खड्डा दरवर्षी उपसायला माणसं हवीत. लावलेल्या झाडांना उन्हाळाभर पाणी घालायला माणूस हवा.”

“हे मागतोस का?”

“कोण देईल, बाबा? झाड लावताना फोटो निघतो. त्याला रोज पाणी घालताना कोण फोटो काढतं? आणि गाळाच्या खड्ड्याला फीत कुठे बांधायची?”

मला हसू आलं. चुलीत फुंकर घालून मी ते लपवलं.

“मग यंदा काय मिळणार?”

“तेच कमानीचे मालक. कारंजं द्यायला तयार आहेत. गाण्यावर नाचणारं.”

बाबा बसल्या जागी पुढे सरकले.

“जे नको ते मागतोस. ते मिळतं... मग दमतोस कशानं?”

निलंग्यांनी तांब्या खाली ठेवला.

बाबा माझ्याकडे वळले. “आज काय संपलंय?”

“मीठ,” मी म्हणालो.

आमच्या मठाची एक जुनी रीत आहे. साठा करायचा नाही. जे संपेल तेच मागायला जायचं आणि तेच घ्यायचं. संपलेलं नसेल ते कुणी पायावर आणून ठेवलं तरी परत द्यायचं. आणि ज्याच्या खांद्यावर त्या कामाची झोळी पडली, त्यानेच ती पुरी करायची. दुसऱ्याने जायचं नाही.

बाबांनी खुंटीवरची झोळी काढून निलंग्यांच्या खांद्यावर टाकली.

“जा. मीठ माग.”

“मी?”

“मागायची सवय तुलाच आहे.”

निलंगे कसनुसं हसले आणि गेले.

मी आमटी चुलीवर ठेवली. उकळली, आटली. खाली उतरवून ठेवली. उन्हं कलायला लागली तेव्हा निलंगे आले. झोळी इतकी भरलेली की खांदा वाकला होता. चेहराही जरा खुलला होता.

त्यांनी झोळी बाबांपुढे रिकामी केली. पेढ्यांचे बॉक्स, नारळ, काजूची पिशवी, एक शाल, आणि चांदीचा रंग दिलेली एक गणपतीची मूर्तीसुद्धा.

“वरच्या कॉलनीत गेलो होतो,” ते म्हणाले. “सगळे ओळखतात. मठासाठी आलोय म्हटल्यावर हातातलं काम टाकून उठले.”

“मीठ?”

निलंगे झोळीची घडी घालू लागले.

“मागितलंस?”

“पहिल्या दारी मागणार होतो. पण बाई एवढी गडबडून गेली, आत बसा म्हणाली, पेढे काढले... तिथे मीठ कसं मागू? आणि मीठ कुणी हातावर देतही नाही, भांडणं होतात म्हणतात. नको त्यांना संकोच.”

“कुणाला संकोच?”

निलंग्यांनी पेढ्यांचे बॉक्स एकावर एक रचले.

बाबांनी मला पानं मांडायला सांगितलं. मी भात वाढला, आमटी वाढली. मग बाबांनी एक बॉक्स उघडला, दोन पेढे उचलले आणि निलंग्यांच्या आमटीत कुस्करून घातले.

मी बाबांचा हात धरणारच होतो.

“बाबा, हे काय...”

“प्रेमानं दिलंय लोकांनी. जेव.”

निलंग्यांनी एक घास घेतला. गिळायला त्यांना फार वेळ लागला. दुसरा घास हातातच राहिला.

बाबा आपली आळणी आमटी शांतपणे जेवत होते. जेवण झाल्यावर म्हणाले, “हे सगळं ज्याचं त्याला देऊन ये. झोळी तुझ्याकडेच असू दे.”

निलंग्यांनी सगळं पुन्हा झोळीत भरलं. या खेपेला बूट घालतानाही त्यांनी वर पाहिलं नाही.

त्यानंतर ते बरेच दिवस आले नाहीत.

मठात मीठ नव्हतं. झोळी निलंग्यांकडे, म्हणून दुसऱ्या कुणी जायचं नाही. आळणी भात, आळणी आमटी, आळणी पिठलं. मी स्वयंपाकी माणूस. लोक माझं पिठलं खायला मुद्दाम मठात थांबतात. आता पहिल्या घासाला एकमेकांची तोंडं बघायचे आणि दर्शन घेऊन निघून जायचे. मी एकदा बाबांपुढे कुरकुरलो. पदरचं मीठ आणतो, कुणाला कळणार नाही, म्हणालो.

“जिभेला कळेल,” बाबा म्हणाले.

मला रीतीचा राग आला आणि निलंग्यांचाही. शिकलेल्या माणसाला मूठभर मीठ मागता येऊ नये, याचा फार राग आला.

मग टेकडीच्या पलीकडे ढग दिसायला लागले. दुपारी वारा सुटायचा आणि कमानीवरच्या दिव्यांच्या माळा हलायच्या. खालच्या वस्तीतली माणसं येता-जाता वर आभाळाकडे बघायची.

एका दुपारी निलंगे आले. पायरीखाली बूट काढले. खांद्यावर झोळी होती, तळाशी काहीतरी छोटंसं होतं. माणूस निम्मा झाला होता.

“मालकांकडे गेलो होतो, बाबा.”

“हं.”

“कारंजं नको म्हणालो. कमान काढायची परवानगी द्या आणि गाळाच्या खड्ड्याला मदत करा, असं सरळ मागितलं. चौथऱ्यामुळे पाणी वस्तीत जातं हेही सांगितलं. गेल्या वर्षी मला दिसत होतं आणि मी बोललो नाही, हेही.”

“काय म्हणाले?”

“कमानीवर वडिलांचं नाव आहे म्हणाले. वडिलांना पाडायला निघालात का, म्हणाले.” निलंगे थांबले. “मग कारंजंही नाही, आजवर झाडांसाठी पाठवत होते तो पाण्याचा टँकरही बंद. चहासुद्धा आला नाही या वेळी.”

बाबांनी नुसती मान हलवली.

“परत येताना खालच्या वस्तीतून आलो. गेल्या पावसाळ्यानंतर तिकडे फिरकलोच नव्हतो. लाज वाटायची. पाथरवटांच्या कौसाबाई खाटेच्या पायांखाली विटा रचत होत्या. दळणाचा डबा माळ्यावर चढवलेला. पाऊस अजून आलाही नाही, बाबा, आणि त्यांची आवराआवर चाललीये...”

मी चुलीकडे तोंड केलं.

“मला बघून म्हणाल्या, काय सायेब, आवंदा कशाचं उद्घाटन? मी म्हणालो, मीठ हवंय. मठात मीठ नाही.”

“मग?”

“हसल्या नाहीत. आत गेल्या. वाटी आणून उंबऱ्यावर ठेवली. म्हणाल्या, मीठ हातावर देत नसत्यात, उचला तुमच्या हातानं. मी उचललं. मग म्हणाल्या... गेल्या साली आमच्या नावानं कमान मागून आणलीत. तवा हितं येऊन इचारलं असतंत, काय पायजे म्हनून.”

“तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार... वाटी घेऊन आलो.”

निलंग्यांनी झोळीतून वाटी काढली. जर्मनच्या पत्र्याची, कडेला चेपलेली. वर एक फडकं बांधलं होतं. मी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. आमटी चुलीवरच होती. मीठ घातलं, ढवळलं, एक थेंब तळहातावर घेऊन चाखला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं किती मिठाचं आणि किती कौसाबाईचं, ते मला ठाऊक नाही.

मी पानं मांडली. आमटी वाढली. निलंगे पानाकडे बघत बसून राहिले.

“मीठ तेवढं मिळालं, बाबा. बाकी सगळं गेलं. मालक गेले, त्यांच्यामागे बाकीचेही जातील. आणि कमान आहे तिथेच आहे.” ते पडवीच्या बाहेर बघत होते. टेकडीवर ढग खाली उतरले होते. “चार-आठ दिवसांत पाऊस येईल. पाणी पुन्हा कौसाबाईंच्या घरात जाईल. मी फार थकलोय हो.”

बाबांनी बोट आमटीत बुडवून चाखलं. डोळे मिटले. जरा वेळाने उघडले.

“कमान तू आणलीस. पण जागा कुणी दिली?” ते म्हणाले.

निलंग्यांनी वर पाहिलं.

“तळं मठाचं. काठ मठाचा. चौथरा घालताना मी इथूनच बघत होतो... बाग होतेय, बरं आहे, म्हटलं.”

हे मला नवीन होतं. मला वाटायचं, बाबांचं कधी चुकत नाही. वाढता वाढता माझा हात थांबला.

बाबा माझ्याकडे वळले.

“आज काय संपलंय?”

मी फडताळावर नजर टाकली. तांदूळ होते. डाळ होती, पीठ होतं. मीठ आता होतं.

“काही नाही, बाबा. सगळं आहे.”

“नीट बघ.”

मी पुन्हा फडताळाकडे बघितलं. मग बाबा कुठे बघतायत ते बघितलं. ते बाहेर बघत होते, कमानीच्या पायथ्याकडे.

निलंग्यांचंही लक्ष तिकडे गेलं.

“बाबा... मालक कोर्टात जातील.”

“जाऊ दे.”

“परत एक पैसा कुणी देणार नाही.”

बाबांनी त्यांच्या पानात आणखी एक पळी आमटी वाढली. झोळी उचलली, झटकली आणि या खेपेला स्वतःच्या खांद्यावर घेतली.

“जेव पोटभर,” ते म्हणाले. “उद्या कौसाबाईकडं पहार मागायला जायचंय.”