मापावरची शीग

मंडळी, एक सांगा बरं. एक दुकानदार चकार शब्द बोलत नाही. माल देतो, पैसे घेतो. दुसरा तुम्हाला बसवतो, पाणी देतो, काय हवं, काय खुपतं ते खोदून खोदून विचारतो. विश्वास कुणावर टाकाल? दुसऱ्यावर म्हणणार. सगळेच म्हणतात. पण आधी ऐका.

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा धान्य तोलून नव्हे, मापून विकत. एका नगरात धान्याचा एक मोठा शेट होता. कोठार भरलेलं, पण गिऱ्हाईक रोडावलेलं. बायका त्याचं दुकान ओलांडून पुढे जात, आणि का जातात ते त्याला कळेना.

त्याच नगरात एक कासारीण होती. घरोघर जाऊन बांगड्या भरायची. बांगडी चढवताना हात दाबावा लागतो, बाई कळवळते, म्हणून तिला बोलण्यात गुंतवावं लागतं. साऱ्या नगरातल्या बायकांचं मन असं तिच्यापाशी मोकळं होई. आणि ती या घरचं त्या घरी नेत नसे.

शेटनं तिला बोलावलं. गादीवर बसवलं, गूळपाणी दिलं.

"आक्का, बायका माझ्यावर का रुसल्यात, तेवढं विचारून या. माझं चुकत असेल तर मी सुधारीन."

कासारणीला ते पटलं. दुकान सुधारलं तर बायकांचंच भलं होईल, असं तिच्या मनात आलं. तिनं दारोदार विचारलं. खाणीतल्या पाथरवटाची बायको, म्हाळसा, तर उसळलीच.

"त्याचा नोकर मापटं भरतो आणि वरून सर्रकन हात फिरवतो! तो हात मापावर नाही गं आक्का, आमच्या तोंडावर फिरतो. चार दाणे वर राहिले तर कोठार रितं होणार आहे का त्याचं? आम्हाला शीग हवी. शीग असली की माणसानं माणसाला दिल्यासारखं वाटतं."

मापाच्या काठावर धान्याची जी रास चढते, ती शीग. कासारणीनं हे शब्द जसेच्या तसे शेटला सांगितले.

गिऱ्हाइकाचं ऐकून धंद्याची रीत बदलणं वाईट नाही, मंडळी. धंदा म्हणतात तो त्यालाच! पण या शेटनं काय केलं? सुताराकडून नवी मापटी करवली. तोंड रुंद, नक्षी सुरेख. नोकराला ताकीद दिली, यापुढे हात फिरवायचा नाही. आणि मापट्यावर अशी शीग चढू लागली, की बायका बघतच राहिल्या. दुकानात रीघ लागली. जी ती म्हणे, कासारणीनं आपलं गाऱ्हाणं पोचवलं हो!

पुढे कासारीण म्हाळसेच्या दारी गेली. म्हाळसेनं हात पुढे केलाच नाही.

"का गं, राग आला?"

"शीग डोळ्यांनी दिसते, आक्का. पण घरी पीठ पुरत नाही. पोरं अर्ध्या भाकरीवर उठतात. आमच्या पोटातलं तू काढून नेलंस, आणि त्यानं आमच्या ताटातलं. जा, तुझ्या बांगड्या नकोत."

त्या दिवशी तिच्याकडून कुणीच बांगडी भरून घेतली नाही. कासारणीचं सारं चालत होतं ते बायकांच्या हातावर. हातच मागे गेला तर टोपली काय चाटायची?

ती तडक दुकानात गेली. ऐन गर्दीची वेळ होती.

"शेटजी, हे काय चालवलंय?"

"तुम्हीच म्हणालात ना, बायकांना शीग हवी? दिली की!" शेट हसला. "आणि रागावता कशाला? आमच्या घरच्या लग्नाच्या सगळ्या बांगड्या तुमच्याच."

"शीग मागितली ती भरल्या मापावरची!" कासारीण कडाडली. "बायांनी तुम्हाला आपला जीव कशात आहे ते सांगितलं, आणि तुम्ही नेमका तिथेच चिमटा काढलात? लाज वाटायला हवी!"

तिनं मापटं उचललं, पालथं करून रितं केलं आणि आत हात घातला. बोटं तळाला टेकली, तरी मनगटातल्या बांगड्या काठाच्या वरच राहिल्या. मग तोच हात तिनं बाहेरून मापट्याला लावून उभा धरला. बोटं खाली टेकली, आणि बांगड्या काठाच्या पार खाली गेल्या.

"तळ एवढा जाड कशाला हो, शेटजी? आत देव बसवलाय का?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. एकेकीनं पदरातलं धान्य राशीवर ओतलं आणि पैसे परत मागितले.

शेटनं दुसऱ्याच दिवशी खरी मापटी आणली. शीग दुप्पट लावली. पण आता जो तो आधी मापट्यात हात घालून तळ चाचपे, आणि तरीही मान हलवून पुढच्या दुकानाकडे वळे. शेट ओरडे, "अहो, आता खरं आहे!" खरं होतंही. उपयोग काय? कोठारातल्या जोंधळ्याला किडे लागले आणि दुकानाला कुलूप.

कासारणीचं काय झालं, विचाराल. भर दुकानात ती बोलली, म्हणून बायकांनी तिला माफ केलं. म्हाळसेनं हात पुढे केला. बांगड्या चढताना ती कळवळली, डोळ्यांत पाणीही आलं. पण आता ती एक शब्द बोलली नाही.

गिऱ्हाइकानं विश्वासानं सांगितलेली गरज भागवण्यासाठी असते. तिचा फास करणाऱ्याला पुन्हा कुणी मनातलं सांगत नाही.

तेव्हा मंडळी, दुकान लहान असो की मोठं, एवढं माझं ऐका: गिऱ्हाइकानं सांगितलेलं मनातलं त्याच्याच भल्यासाठी वापरा, त्याला फसवण्यासाठी नव्हे.