पांढरा खडा

परदेशात राज्यशास्त्र शिकून परतताना वाटलं होतं, आमच्या शहरात लोक राजकारणावरून कडाकडा भांडत असतील. पाहिलं तर निम्मे लोक मत द्यायलाच जात नव्हते. मतदानाच्या आदल्या दिवशी मी मतदानाचं महत्त्व सांगणारं भाषण लिहून बायकांच्या बचत गटात गेले. बायका लग्नाच्या जेवणासाठी पोतंभर तांदूळ निवडत होत्या.

तेवढ्यात कडक पांढऱ्या कपड्यांतले नगरसेवक दमामे आले. "उद्या उन्हात कशाला रांगा लावता, ताई? मी निवडून येतोच. आणि निवडणुकीतलं तुम्हाला काय कळतं?"

सुपावरची नजर न उचलता द्वारकामावशी म्हणाल्या, "रोज निवडतोच की, साहेब. काळा खडा लगेच दिसतो. पांढरा तांदळात लपतो, आणि निवडायचा कंटाळा केला की तोच दाताखाली येतो."

बायका खो खो हसल्या. दमामे सदरा झटकत निघून गेले.

मग एकजण हळूच म्हणाली, "पण मावशी, उद्या दुपारी पोतं पोचवायचंय. रांगेत थांबायला वेळ कुठाय?"

माझं नाव अजून इथल्या मतदार यादीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाषण घरीच ठेवलं आणि गटात जाऊन मावशींचं सूप मांडीवर ओढलं.

"तांदूळ मी निवडते," म्हटलं. "तुम्ही तिकडचं निवडून या."