हक्काची वाट

"तर मग एवढेच सांगा, महाराज. चूक कोणाची होती?"

सोमगिरी महाराज मठाच्या ओसरीवर भिजवलेले वाल सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"टेम्पोवाल्याची."

"माझी नव्हे?"

"तुमची कशी असेल? तुम्ही घाट चढत होता, तो उतरत होता. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे तुम्हीच मला शिकवलेत."

त्र्यंबकराव देवस्थळी यांचा चेहरा उजळला. त्यांनी उभी हयात वकिली केली होती. नियमाबाहेर त्यांनी स्वतः कधी पाऊल टाकले नव्हते आणि टाकणाऱ्याला कधी क्षमाही केली नव्हती.

गेल्या वर्षी घाटातल्या एका अरुंद मोरीवर टोमॅटोने भरलेला टेम्पो समोरून उतरताना दिसला, तेव्हा त्यांनी दिवे चमकवले, हॉर्न वाजवला आणि गाडी तशीच पुढे नेली. थांबायचे होते टेम्पोने. तो थांबला नाही. शेजारी बसलेल्या हेमांगीचे, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, खांद्याजवळचे हाड मोडले. पोलिसांनी टेम्पोवाल्यालाच दोषी ठरविले.

"तो दिसला तेव्हा मध्ये अंतर होते?" महाराजांनी विचारले.

"भरपूर! त्याला सहज थांबता आले असते."

"आणि तुम्हाला?"

"मी का थांबावे?"

"हो... तेही खरेच."

महाराजांनी सालींचा ढीग बाजूला सारला. त्र्यंबकराव थोडे पुढे सरकले.

"महाराज, हेमांगीला मुलगी झाली. आज दुपारी दोघींना दवाखान्यातून घरी आणायचे आहे. मी पहाटे उठून गाडी धुतली. पुढे झेंडूची माळ बांधली. मागच्या आसनावर नवी दुलई अंथरली. आणि काल ती मला म्हणते, बाबा, तुम्ही पुढे व्हा, आम्ही रिक्षाने येतो."

"रागाने म्हणाली?"

"नाही ना! रागाने म्हणाली असती तर मी तिची समजूत घातली असती. अगदी मायेने म्हणाली. माझ्या डब्यातला शिरा खात खात म्हणाली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अपघातानंतर ती माझ्या गाडीत एकदाही बसलेली नाही. मी तिला सगळी कागदपत्रे दाखवली. नकाशा काढून दाखवला. ती म्हणते, हो बाबा, बरोबर आहे तुमचे. आणि एस.टी.ने जाते... माझी पहिली नात, महाराज, आणि ती रिक्षाने घरी येणार!"

महाराजांनी आणखी एक वाल सोलला.

"ती आपले ऐकते. लहानपणापासून आपल्या पायाशी वाढली आहे. आपण एक शब्द टाका. बाबांची चूक नव्हती, एवढेच तिला सांगा."

महाराजांनी सोललेल्या वालांवर ताट झाकले आणि हात धुतले.

"चला. गाडीपर्यंत येतो."

त्र्यंबकरावांना भरून आले. महाराज सहसा मठ सोडून जात नसत. त्यांनी घाईघाईने महाराजांच्या वहाणा पुढे ठेवल्या आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. महाराजांचे वय झाले होते. पाऊल लहान पडत असे.

मठासमोरून घाटाचा रस्ता जात होता. गाडी पलीकडे, वडाखाली उभी होती. माळ लांबूनही दिसत होती.

रस्त्यावर पांढरे पट्टे आखलेले होते. भाविकांना सुखरूप ओलांडता यावे म्हणून त्र्यंबकरावांनीच अर्जामागून अर्ज करून ते आखून घेतले होते.

"पट्ट्यांवर या, महाराज. येथे पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा."

"बरे."

दोघे पट्ट्यांवरून चालू लागले. रस्त्याच्या मध्यावर पोचतात न पोचतात तोच वरच्या वळणावरून खडीचा डंपर उतरत आला. त्याच्या वेगात काही फरक दिसेना.

त्र्यंबकराव थांबले. त्यांनी छाती ताठ केली, मोकळा हात उंच केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"थांब! पट्टे दिसत नाहीत काय?"

डंपरने हॉर्न दिला.

"हॉर्न कोणाला देतोस? थांब म्हणतो ना!"

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आले की, आपला दुसरा हात रिकामा आहे.

त्यांनी वळून पाहिले. महाराज त्यांचा हात सोडून मागे गेले होते आणि मठाच्या कडेला, गवतात उभे होते. ते डंपरकडे पाहत नव्हते. त्र्यंबकरावांकडेच पाहत होते.

त्र्यंबकरावांना काही सुचेना. पुढे गाडी होती, मागे महाराज होते... आणि मग, कसे ते त्यांचे त्यांनाही कळले नाही, ते धोतर सावरत मागे धावले. डंपर पट्ट्यांवरून धडधडत निघून गेला. खडीचा धुरळा दोघांच्याही तोंडावर बसला.

"ओ काका!" क्लीनर खिडकीतून ओरडला. "घरी सांगून आलात काय?"

त्र्यंबकराव धापा टाकत म्हणाले,

"आपण... आपण माझा हात सोडलात!"

"सोडला."

"भर रस्त्यात?"

"तुमचे त्याच्याशी बोलणे चालले होते, वकीलसाहेब. मी मध्ये कशाला?"

"पण तो चुकत होता!"

"साफ चुकत होता."

"पट्टे आपले होते. वाट आपली होती!"

"आपलीच होती. म्हणून तर मला ती देता आली." महाराजांनी उपरण्याने त्यांच्या कपाळावरची धूळ पुसली. "दुसऱ्याची वाट मी कोठून दिली असती?"

युक्तिवादात कोठे तरी खोट होती, हे त्र्यंबकरावांना जाणवत होते. ती सापडत मात्र नव्हती. त्यांनी पट्ट्यांकडे पाहिले. मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे पाहिले.

"मला काहीच उमगत नाही, महाराज. म्हणजे हेमांगीला मी असे सांगू काय, की चूक माझी होती?"

"होती काय?"

"नव्हती."

"मग खोटे कशाला सांगता?"

"मग आपण चला आणि खरे ते सांगा. गाडी तयार आहे."

महाराज हसले. त्यांनी वरच्या वळणाकडे पाहिले, खालच्या वळणाकडे पाहिले. रस्ता रिकामा होता. तरी ते जागचे हलले नाहीत.

"खरे काय ते तिला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तुमची चूक नव्हती, हे."

"ठाऊक आहे? ठाऊक असूनही ती माझ्या गाडीत बसत नाही?"

महाराज मठाकडे वळले. दोन पावले गेले... थांबले. वळून म्हणाले,

"तुमची चूक असती ना, त्र्यंबकराव, तर ती केव्हाच बसली असती."