एकसष्ट ढोल्या

त्या रानात अन्न पुरेसे होते, पण ते सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नसे. नदीकाठचे उंबर, वड आणि नांद्रुक पिढ्यान्‌पिढ्या धनेशांच्या ताब्यात होते. बाकीच्या पाखरांना बोरीबाभळींवर आणि सालीतल्या किड्यांवर भागवावे लागे. मात्र एक रीत जुनी होती. ज्याला जे मिळेल त्याचा दहावा हिस्सा त्याने रानाच्या मध्यावरच्या बेहड्याच्या ढोलीत आणून टाकायचा. माळावर राखण करणाऱ्या टिटव्या त्या ढोलीतून खात, आईबाप नसलेली पिल्ले तिच्यावर वाढत, आणि उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवसांत तर कोणीही येऊन घासभर मागू शके. धनेशांचा हिस्सा अर्थातच सर्वांत मोठा असे. अर्धीअधिक ढोली त्यांच्याच फळांनी भरे, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत.

रावबा हा त्या रानातला सुतार पक्षी. साळुंक्या, राघू, दयाळ यांना ढोलीत राहायला आवडते, पण लाकूड कोरता येत नाही. विणीचा हंगाम जवळ आला की ती पाखरे रावबाकडे येत, चार बोरे पुढे ठेवत आणि घर कोरून घेत. रावबाच्या बापाने हेच केले होते, आजानेही. पण गेली दोन वर्षे बोरींना बहर नव्हता. पाखरे जुन्याच ढोल्यांत दाटीवाटीने राहू लागली, आणि रावबाकडे कोणी येईनासे झाले. घरी त्याची बायको यसू तीन अंड्यांवर बसून होती.

अशा वेळी थोरल्या धनेशाने सभा बोलवायला लावली. सुतार त्याला धनी म्हणत. रानाचा राजा करकोचा एका पायावर उभा राहून सगळ्यांचे ऐकून घेत असे, आणि बहुतेक वेळा ऐकण्यातच त्याचा दिवस सरे.

धनी म्हणाला, “महाराज, आमच्या दर दहा फळांतलं एक तुम्ही काढून घेता. ते आमच्याकडे राहू द्या. आम्ही नव्या ढोल्या कोरून घेऊ. पन्नास, साठ, लागतील तितक्या. सुतारांच्या चोचींना काम मिळेल. सुतार खातील, त्यांची पिल्लं खातील. आमच्यापाशी राहिलेलं फळ शेवटी रानातच फिरणार ना?”

टिटव्यांची म्होरकी ठकूबाई पुढे आली. “आणि माळावर कोण उभं राहायचं?”

“रान सुखी झालं की राखण कुणालाही परवडेल, ठकूबाई.”

राजाने मान वळवून रावबाकडे पाहिले. “काम तुमच्या जातीला मिळणार. तुझं काय म्हणणं?”

रावबाला आदल्या दिवशी यसू जे बोलली ते आठवले. ती म्हणाली होती, पिल्लं बाहेर येतील, मग काय घालायचं त्यांच्या चोचीत?

“महाराज, मला काम पाहिजे,” तो म्हणाला. “देणारा कोण, ते मी विचारत नाही.”

ठकूबाईने त्याच्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणून त्याला ती नजर जास्त लागली. राजाने धनेशांना अर्धा हिस्सा माफ केला.

काम खरेच सुरू झाले, आणि ते दिवस चांगले होते हे कबूल करायला हवे. रावबासह अकरा सुतार नदीकाठच्या जुन्या झाडांवर राबू लागले. सकाळपासून ठकठक चाले, आणि दिवस कलताना प्रत्येकाला दोन पिकली उंबरे मिळत. यसूची अंडी फुटली. तिन्ही पिल्ले धडधाकट होती, आणि रावबा येताना दिसला की तिघेही एकदम चोची उघडत. यसू हसून म्हणाली होती, “तुम्हाला वळखत न्हाईत ती. उंबराला वळखतात.”

फक्त एक गोष्ट रावबाला समजत नव्हती. ढोल्या फार उंच होत्या, फार खोल होत्या आणि त्यांची तोंडे चिंचोळी होती. एकदा त्याने विचारले, “धनी, इथं राहणार कोण? साळुंकीला ही उंची झेपायची नाही. राघू तोंडातनं आत शिरायचा नाही.”

“तू कोर,” धनी म्हणाला.

एकसष्टावी ढोली पुरी झाली त्या दिवशी धनी स्वतः येऊन आत डोकावला. लाकडाला कुठे चीर नाही ना, ते त्याने चोचीने चाचपून पाहिले.

“झालं तर मग,” तो म्हणाला.

“पुढचं काम कुठल्या झाडावर?”

“लागलं की सांगू.”

दुसऱ्या दिवसापासून धनेशांचे थवे त्या ढोल्यांत उंबरे आणून टाकू लागले. ढोली भरली की ते नदीवरून ओला चिखल आणत आणि तिचे तोंड लिंपून टाकत. महिन्याभरात एकसष्टच्या एकसष्ट ढोल्या बंद झाल्या. सुतारांना परत कोणी बोलावले नाही.

इकडे बेहड्याची ढोली पूर्वीसारखी भरेना. राजाने पुष्कळ विचार केला आणि निम्म्या टिटव्यांना रजा दिली. तरीही पुरेना, तेव्हा लहान पाखरांनी दहात एकाऐवजी दोन हिस्से द्यावेत असे ठरले. सखू नावाच्या साळुंकीने त्या वर्षी नवे घर करायचे मनात धरले होते. वाटेत रावबा भेटला तेव्हा ती ओशाळून म्हणाली, “रावबादादा, यंदा नको. दोन हिस्से देऊन काही उरतच नाही.” दयाळही तेच म्हणाला. अकरा सुतारांपैकी सहा जण नदीपलीकडे निघून गेले. जाताना त्यांनी निरोपही घेतला नाही.

रावबा आणि यसू आता दिवसभर किडे शोधत हिंडत. एके दुपारी दोघेही पळसाच्या खोडावर मुंग्या वेचत होते. पश्चिमेचा माळ शांत होता. पूर्वी त्या माळावर उंदीर जरी सरपटला तरी टिटवीची ओरड उठे. त्या दुपारी ओरड उठली नाही. धामण माळ ओलांडून आली, रावबाच्या झाडाच्या खोडाला विळखे घालत वर चढली आणि त्याच्या घरात शिरली. यसू परतली तेव्हा दोन पिल्ले नव्हती. तिसरे ढोलीच्या मागच्या खाचेत अंग चोरून बसले होते, आणि चोच उघडत नव्हते.

तिसऱ्या दिवशी ठकूबाई आली. रजा मिळालेल्या टिटव्यांत तीही होती. ती फांदीवर बसणारी नव्हे, म्हणून खालीच गवतात उभी राहिली.

“मी ओढ्यापलीकडं होते,” ती म्हणाली. “पोटासाठी. इथं असते तर ओरडले असते रे.”

“तुम्ही कशाला असाल इथं?” रावबा म्हणाला. “मीच काढलं तुम्हाला. भर सभेत.”

 संध्याकाळपर्यंत ठकूबाई त्या झाडाखाली उभी होती. यसू त्या दिवसापासून कोणाशीही बोलेनाशी झाली.

पुढच्या सभेत धनी पुन्हा उभा राहिला. “महाराज, रानात काम नाही अशी ओरड आहे. खरी आहे. पण सवलत अर्धी मिळाली, म्हणून काम अर्धंच झालं. उरलेला हिस्साही माफ करा, मग बघा.” आणि त्याने स्वतःच रावबाला पुढे बोलावले. “विचारा याला. आम्ही काम दिलं की नाही?”

“दिलं,” रावबा म्हणाला.

“किती ढोल्या?”

“एकसष्ट.”

धनेशांच्या थव्यात समाधानाची कुजबुज झाली.

“महाराज,” रावबा म्हणाला, “त्यातली एक मी उघडून दाखवतो.”

“माझ्या ढोलीला कोणी चोच लावायची नाही!” धनी कडाडला.

राजाने पाय बदलला. असे तो क्वचितच करी. “ती कोरली कोणी?” त्याने विचारले.

“मी, महाराज.”

“मग तुला ठाऊक असेल, कुठं मारायचं ते.”

सगळी सभा नदीकाठी गेली. रावबा पहिल्या वडावर चढला. चिखल वाळून दगडासारखा झाला होता. सात घावांनंतर त्याला भेग पडली, आठव्या घावाला लिंपण ढासळले, आणि ढोलीतली उंबरे भदाभदा खाली कोसळू लागली. वरची तांबडी होती. त्यांच्या मागून आली ती सुरकुतलेली, आणि तळातली काळी, बुरशी धरलेली. त्यांचा आंबूस वास सगळ्या काठावर पसरला.  मग सखू साळुंकी खाली उतरली. तिने एक फळ उचलले, राजाकडे पाहिले आणि खाल्ले. त्यानंतर लहान पाखरांचे थवेच्या थवे उतरले. नासलेली उंबरेसुद्धा त्यांनी बाजूने कुरतडून खाल्ली.

राजा म्हणाला, “विषय गंभीर आहे. निर्णय पुढच्या सभेत.” आणि सभा उठली. उरलेल्या साठ ढोल्या तशाच बंद राहिल्या.

पाचव्या दिवशी सकाळी रावबा आपल्या झाडावर बसला होता. खाली सखू आणि तिचा नवरा आले. दोघांच्या चोचीत एकेक उंबर होते. त्यांनी ती मुळाशी नीट ठेवली.

“रावबादादा, घर पाहिजे,” सखू म्हणाली. “मोठं नको. चौघांपुरतं.”

त्यांच्या मागे दयाळ येऊन बसला होता. त्याच्या मागे राघूंचे एक जोडपे होते, आणि आणखी कोणीतरी गवतातून येत होते.

रावबाने खोडावर चोच टेकवली, पण घाव घालायला ती उठेना. तेव्हा आतून यसूचा आवाज आला. इतक्या दिवसांनी ती प्रथमच बोलत होती.

“तोंड लहान ठेवा. धामण शिरेल एवढं नको.”

रावबाने पहिला घाव घातला. मग दुसरा. नदीच्या बाजूला, उंच वडावर, थोरला धनेश एकटाच फुटलेल्या ढोलीपाशी लटकला होता. चोचीत मावेल तेवढा चिखल तो आणत होता आणि थापत होता. त्या सकाळी रानात दोनच आवाज ऐकू येत होते. वर ओला चिखल थापल्याचा, आणि खाली, रांग लागलेल्या झाडावर, लाकूड कोरल्याचा.